पक्ष्यावरील जकात

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका जुन्या धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू म्हणून सेवेस होतो. तेथील वेदीवर पितळेची सहा जड शमादाने होती. काळाने ती मळकट झाली होती, दोहोंची बुडे वाकली होती आणि एकाचा कान तुटून पुन्हा डाग देऊन जोडलेला होता. लोकांनी उत्साहाने वर्गणी काढली व नवी चकचकीत शमादाने आणली. जुनी मोडीत काढावीत, असा ठराव समितीने केला; त्या ठरावाखाली आमचीच सही आहे. ती सहाही शमादाने वजनावर गेली.

आठवडाभराने एक वृद्ध धर्मग्रामस्थ भेटावयास आले. ते रागावलेले नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, "फादर, वजन किती भरले?" आम्ही आकडा सांगितला. थोडा वेळ ते गप्प बसले आणि मग म्हणाले, "दर पवित्र शनिवारी माझे वडील ती चिंच लावून घाशीत. लहानपणी मला वाटायचे, साऱ्या चर्चमध्ये त्याहून सुंदर असे काहीच नाही."

त्यांना काय उत्तर द्यावे ते आम्हांस सुचले नाही. 'ती काही कलाकृती नव्हती,' असे म्हणून आम्ही स्वतःचे समाधान करून घेतले असते. परंतु कोणती वस्तू कलाकृती आणि कोणती नुसते भांडे, हे ठरविण्याची कसोटी तरी आमच्यापाशी कोठे होती? तो प्रश्न मनात राहिला. पुढे वाचनात आले की, हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू यॉर्क शहरात दोनदा उपस्थित झाला होता. एकदा एका प्रदर्शनाच्या दारात आणि एकदा चक्क न्यायालयात. त्या दोन घटनांचा वृत्तांत वाचकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते. परंतु त्यापूर्वी थोडे मागे जाणे इष्ट आहे.

कला आणि कारागिरी यांची फाळणी

'कला' आणि 'कारागिरी' हे दोन निरनिराळे प्रांत आहेत, असे आज आपण गृहीत धरतो. पूर्वी तसे नव्हते. आपल्याकडील चौसष्ट कलांच्या यादीत गायन, नृत्य व चित्रकला यांच्या पंक्तीलाच हार गुंफणे, अंथरूण सजविणे आणि पाकसिद्धी यांनाही स्थान आहे. लॅटिन भाषेतील 'आर्स' या शब्दाचा अर्थही असाच ऐसपैस होता. नाव बांधणारा, जोडे शिवणारा, मूर्ती घडविणारा, हे सारे आपापल्या 'आर्स'चे जाणकार होते.

सेमिनरीत असताना आम्ही तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांचे तत्त्वज्ञान अभ्यासले. करावयाच्या वस्तूविषयीचा यथार्थ विवेक म्हणजे कला, असा त्यांच्या व्याख्येचा आशय आहे. त्यात सौंदर्याचा उल्लेख नाही आणि निरुपयोगीपणाची अटही नाही. एके ठिकाणी त्यांनी करवतीचा दृष्टान्त दिला आहे. करवत कापण्यासाठी असते, म्हणून कारागीर ती लोखंडाची करतो. काच लोखंडाहून सुंदर, हे त्याला ठाऊक असते. तरी तो काचेची करवत करीत नाही, कारण ते सौंदर्य करवतीच्या कामाच्या आड येईल. वर्गात हा दृष्टान्त आम्ही पाठ केला, पण त्याचे मोल तेव्हा कळले नाही. करवत नीट कापते यातच तिच्या कर्त्याची कला आहे, असे एका महान तत्त्वचिंतकाने सहज म्हणून ठेवले होते.

मध्ययुगीन फ्लॉरेन्स नगरीत चित्रकारांचा स्वतंत्र संघ नव्हता. वैद्य आणि औषधविक्रेते यांच्या संघात त्यांची गणना होई. पुढे चित्रकार व शिल्पकार यांची प्रतिष्ठा वाढत गेली आणि १७४६ साली शार्ल बातो या फ्रेंच लेखकाने संगीत, काव्य, चित्र, शिल्प व नृत्य यांना एका सूत्रात गोवून 'ललित कला' हा वर्ग निराळा काढला. बातो हे स्वतः धर्मगुरू होते, हे येथे नमूद करावयास हवे. ज्या कला केवळ आनंदासाठी आहेत त्या एकीकडे आणि ज्या गरजेपोटी जन्मल्या त्या दुसरीकडे, अशी ही वाटणी झाली. १७९३ साली पॅरिसमधील लूव्र राजवाड्यात सार्वजनिक संग्रहालय उघडले. ज्या चित्रांपुढे लोक गुडघे टेकीत होते, ती चित्रे पुढे संग्रहालयाच्या भिंतींवर गेली आणि लोक त्यांच्यापुढे नुसते उभे राहू लागले. हंडे, करवती व शमादाने मात्र दाराबाहेरच राहिली.

१९१७ : दारात अडविलेले भांडे

या फाळणीची पहिली मोठी थट्टा मार्सेल दुशाँ या फ्रेंच कलावंताने केली. १९१३ साली त्यांनी सायकलचे चाक एका स्टुलावर उलटे बसविले. १९१४ साली धुतलेल्या बाटल्या निथळत ठेवण्याची एक लोखंडी मांडणी दुकानातून विकत आणली आणि तशीच खोलीत ठेवली. १९१५ मध्ये ते अमेरिकेस गेले. मागे त्यांच्या बहिणीने पॅरिसमधील ती जागा आवरताना चाक आणि मांडणी दोन्ही अडगळ समजून टाकून दिली. त्या भगिनीला दोष द्यावा असे आम्हांस वाटत नाही. आम्ही तरी निराळे काय केले होते?

१९१७ च्या एप्रिल महिन्यात न्यू यॉर्क येथे स्वतंत्र कलावंतांच्या एका संस्थेचे पहिले प्रदर्शन भरले. निवड समिती नाही, पारितोषिके नाहीत, जो सहा डॉलर भरील त्याची कृती मांडली जाईल, असा त्या संस्थेचा नियम होता. दुशाँ स्वतः तिच्या संचालकांपैकी एक होते. उद्घाटनाच्या तोंडावर 'आर. मट' अशी स्वाक्षरी केलेली एक वस्तू प्रदर्शनासाठी दाखल झाली. पुरुषांच्या स्वच्छतागृहात भिंतीला बसवितात ते चिनी मातीचे पात्र होते ते. पाठीवर आडवे ठेवलेले. त्याला 'कारंजे' असे नाव दिले होते. संचालकांत मोठा वाद झाला. ज्यांनी 'कोणतीही कृती नाकारणार नाही' अशी प्रतिज्ञा केली होती, त्यांनीच बहुमताने ती वस्तू मांडण्यास नकार दिला. दुशाँ यांनी संस्थेचा राजीनामा दिला. आल्फ्रेड स्टीग्लिट्झ या विख्यात छायाचित्रकाराने त्या पात्राचे छायाचित्र घेतले आणि ते दुशाँ व त्यांच्या मित्रांनी काढलेल्या एका लहानशा नियतकालिकात छापून आले. मूळ वस्तू पुढे नाहीशी झाली. आज संग्रहालयांतून दिसतात त्या मागाहून केलेल्या प्रतिकृती आहेत.

त्या नियतकालिकातील युक्तिवाद थोडक्यात असा होता. वस्तू मट यांनी स्वतःच्या हातांनी केली की नाही, हे गौण आहे. त्यांनी ती निवडली. नित्याच्या वापरातून उचलून, नवे नाव देऊन, नव्या बाजूने मांडून त्यांनी त्या वस्तूविषयी एक नवा विचार निर्माण केला.

वाचकांपैकी अनेकांना हा निव्वळ चावटपणा वाटेल. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले. परंतु या चावटपणात एक खरे निरीक्षण दडलेले आहे. नित्याची वस्तू वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या हेतूने ठेवली की तिच्याकडे पाहण्याची आपली रीत पालटते. वेदीजवळ आयुष्य घालविणाऱ्या माणसाला हे नवे नाही. तथापि दुशाँ यांच्या उत्तरात हाताला स्थान उरत नाही. ज्या कारखान्यातील अनाम कामगाराने ते पात्र भाजले, त्याची आठवणही कोणी काढली नाही. निवडणारा कलावंत ठरला आणि घडविणारा विस्मृतीत गेला.

१९२६ : बोटीवरचा पक्षी

नऊ वर्षांनी त्याच शहरात हा प्रश्न उलट बाजूने उभा राहिला आणि योगायोग असा की, त्याही प्रसंगी दुशाँ हजर होते. १९२६ च्या ऑक्टोबरमध्ये 'पॅरिस' नावाच्या जहाजातून ते न्यू यॉर्कला आले. सोबत त्यांचे मित्र कॉन्स्टंटिन ब्रांकुशी यांची शिल्पे प्रदर्शनासाठी आणली होती.

ब्रांकुशी हे १८७६ साली रुमानियातील एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी जन्मले. तरुणपणी ते पॅरिसला आले. रोदँ या थोर शिल्पकाराच्या कार्यशाळेत त्यांनी थोडा काळ काम केले आणि मोठ्या वृक्षाच्या छायेत रोपटे वाढत नाही, या जाणिवेने तेथून ते बाहेर पडले. आपल्या कार्यशाळेतील बाकडी, चूल आणि पुष्कळशी हत्यारेही त्यांनी स्वहस्ते केलेली होती. शिल्प कोणते आणि त्याखालची बैठक कोणती, हे त्या जागेत सांगणे कठीण जाई.

जहाजातून उतरविलेल्या शिल्पांत 'अवकाशातील पक्षी' हे ब्राँझचे शिल्प होते. उंची सुमारे साडेचार फूट. सडपातळ, मध्ये किंचित फुगीर, वर निमुळते होत गेलेले आणि आरशासारखे लखलखीत. पंख नाहीत, चोच नाही, पाय नाहीत. एडवर्ड स्टायकन या छायाचित्रकाराने ते विकत घेतले होते. जकात अधिकाऱ्यांनी ते निरखून पाहिले. १९२२ च्या अमेरिकन जकात कायद्यानुसार मूळ शिल्पे करमुक्त होती. परंतु हे शिल्प आहे, असे काही त्यांना वाटेना. त्यांनी त्याची नोंद 'स्वयंपाकघरातील भांडी आणि रुग्णालयीन साहित्य' या सदरात केली आणि चाळीस टक्के जकात आकारली.

हे ऐकून आपण हसतो. परंतु अधिकाऱ्यांची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. १९१६ साली संगमरवराचे एक कुंड व आसने यांच्याविषयीच्या एका खटल्यात न्यायालयाने असे ठरविले होते की, शिल्प म्हणजे निसर्गातील वस्तूंची, विशेषतः मानवाकृतीची, प्रतिकृती असावी. नुसते सुंदर कोरीव काम पुरेसे नाही. ह्या निर्णयाच्या मोजपट्टीने पाहिले, तर पंख नसलेला पक्षी शिल्प ठरत नव्हता. उरला तो केवळ धातूचा एक घडीव तुकडा.

'ब्रांकुशी विरुद्ध संयुक्त संस्थाने' हा खटला १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये जकात न्यायालयापुढे सुनावणीस आला. स्टायकन यांना विचारण्यात आले, ही वस्तू पक्ष्यासारखी दिसते काय? ते उत्तरले की दिसत नाही, पण तो पक्षी आहे असे मनाला जाणवते. रानात ही वस्तू दिसली तर आपण तिच्यावर बंदूक रोखाल काय, असेही त्यांना विचारले गेले. अर्थातच नाही, असे त्यांनी सांगितले. जेकब एपस्टाइन या शिल्पकाराने हजारो वर्षांपूर्वीचा एक प्राचीन दगडी ससाणा न्यायालयात आणून दाखविला. त्यालाही पिसे किंवा पाय कोरलेले नव्हते, तरी तो ससाणा आहे याविषयी कोणाला शंका नव्हती. सरकारतर्फे रॉबर्ट एटकेन व थॉमस जोन्स हे दोन शिल्पकार साक्षीस उभे राहिले आणि ही कलाकृती नव्हे, असे त्यांनी शपथेवर सांगितले.

खटल्यातील एक प्रश्नोत्तर आमच्या मनात विशेष घर करून राहिले आहे. एखाद्या कुशल यंत्रकारागिराने पितळेची कांब घेऊन ती अशीच घासली, तर तीही कलाकृती होईल काय, अशा आशयाचा प्रश्न एपस्टाइन यांना करण्यात आला. कारागीर तिला झिलई देऊ शकेल, परंतु तिची कल्पना त्याला करता येणार नाही, असे त्यांचे उत्तर होते.

उत्तर न्यायालयात उपयोगी पडले खरे, परंतु ते आम्हांस पुरते पटत नाही. स्वतः ब्रांकुशी यांनी पॅरिसहून दिलेल्या जबानीत निराळेच चित्र आहे. या पक्ष्याची पहिली कल्पना १९१० साली सुचली, असे त्यांनी सांगितले. ओतीव काम झाल्यावर धातूवरील छिद्रे व उणिवा भरणे, कानशीने घासणे, अतिशय बारीक पॉलिशच्या पुडीने पुनःपुन्हा उजळणे, हे सारे त्यांनी स्वतःच्या हाताने केले होते. ते काम दीर्घकाळ चाललेले, जणू पुन्हा नव्याने शिल्प घडविण्यासारखेच होते. म्हणजे कल्पना आणि घासणे या दोहोंत त्यांनी भिंत घातली नव्हती. तासन्‌तास घासता घासताच तो पक्षी त्यांना गवसत होता.

२६ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यायमूर्ती वेट यांनी निकाल दिला. निसर्गाची नक्कल न करता अमूर्त कल्पना साकारणारा कलावंतांचा एक नवा संप्रदाय उदयास आला आहे. तो आपणास रुचो वा न रुचो, त्याचे अस्तित्व नाकारता येणार नाही, असे त्यांनी मान्य केले. या वस्तूचा पक्ष्याशी संबंध जोडणे काहीसे कठीण असले, तरी ती सुंदर व प्रमाणबद्ध आहे, एका व्यावसायिक शिल्पकाराची मूळ निर्मिती आहे आणि तिचा काही व्यावहारिक उपयोग नाही. सबब तिच्यावर जकात बसत नाही, असा निर्णय झाला.

कलेच्या इतिहासात हा निकाल उदारपणाचा विजय म्हणून गणला जातो आणि ते योग्यच आहे. परंतु त्यातील शेवटच्या अटीकडे वाचकांनी लक्ष द्यावे. पक्षी सुटला, कारण त्याचा काही उपयोग नव्हता. कायद्याच्या शब्दांतच उपयुक्त वस्तूंना शिल्पाच्या सवलतीतून वगळले होते. त्याच जहाजातून कोणी एखादा घाटदार हंडा आणला असता आणि कर्त्याने त्यात सारे आयुष्य ओतले असते, तरी त्यावर चाळीस टक्के जकात बसलीच असती. बातो यांनी १७४६ साली उभारलेली भिंत १९२८ सालीही शाबूत होती.

इंदूर आणि पुणे

या कथेचा एक धागा आपल्या मराठी जगापर्यंत येतो. १९१७ च्या त्या लहानशा नियतकालिकाच्या संपादकांपैकी आंरी-पिएर रोशे यांनी पुढे इंदूरचे तरुण महाराज यशवंतराव होळकर यांची ब्रांकुशींशी गाठ घालून दिली. महाराजांनी त्यांच्याकडून तीन पक्षी घेतले; एक ब्राँझचा, एक काळ्या संगमरवराचा आणि एक पांढऱ्या. ह्या शिल्पांसाठी इंदूरला एक ध्यानमंदिर उभारावे, अशी योजना होती आणि त्यासाठी ब्रांकुशी १९३७-३८ च्या हिवाळ्यात इंदूरला येऊन गेले. मंदिर काही झाले नाही. संगमरवरी पक्ष्यांची ती जोडी आज ऑस्ट्रेलियात, कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनात आहे आणि ब्राँझचा पक्षी अमेरिकेत आहे. जकातीच्या नाक्यावर अडलेल्या पक्ष्याची भावंडे होळकरांच्या दारी उतरली आणि पुन्हा उडून गेली.

परंतु आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस इंदूरपेक्षा पुण्यात अधिक सापडले. दिनकर केळकर (१८९६-१९९०) हे चष्म्यांच्या व्यवसायातील गृहस्थ. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. गावोगाव हिंडून, जुने बाजार धुंडाळून, पदरमोड करून त्यांनी घरगुती वस्तू जमविल्या. अडकित्ते, दिवे, दौती, वज्री, पानाचे डबे, कोरीव दरवाजे, स्वयंपाकाची भांडी यांचा त्यात समावेश होता. या कामी पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा राजा नावाचा मुलगा बालवयातच वारला; त्याच्याच नावाने त्यांनी तो संग्रह उभा केला आणि १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

तेथील अडकित्त्यांपुढे आम्ही एकदा पुष्कळ वेळ उभे होतो. सुपारी कातरावयाला दोन पाती आणि एक खिळा पुरे. तरीही कोण्या अनाम लोहाराला किंवा कासाराला तेवढ्याने समाधान झाले नाही. त्याने मुठीला पक्ष्याची मान दिली, घोड्याचा डौल दिला. आणि हे करताना पात्याची धार किंवा मुठीची पकड त्याने बिघडू दिली नाही. कारण काचेची करवत करावयाची नसते, हे त्याला कोणत्याही ग्रंथावाचून उमगले होते.

केळकरांनी एका अर्थी दुशाँ यांच्यासारखेच केले. नित्याच्या वस्तू घरांतून आणि मोडीच्या ढिगांतून उचलल्या आणि जेथे लोक थांबून पाहतील अशा जागी ठेवल्या. परंतु दुशाँ यांनी वस्तूवर नवा विचार चढविला. केळकरांनी वस्तूत आधीपासून असलेला विचार लोकांच्या नजरेस आणून दिला. घडविणाऱ्याचे नाव त्यांनाही ठाऊक नव्हते, पण त्याचा हात त्यांनी विसरू दिला नाही.

उरलेले उत्तर

तर मग नित्याची वस्तू केव्हा कला होते? संचालक मंडळाने 'नाही' म्हटल्याने 'कारंजे' इतिहासातून पुसले गेले नाही. २००४ साली इंग्लंडमध्ये कलाक्षेत्रातील पाचशे जाणकारांचा कौल घेण्यात आला, तेव्हा त्यांनी त्यालाच आधुनिक कलेतील सर्वांत प्रभावी कृती ठरविले. उलट, न्यायालयाने 'होय' म्हटल्यामुळे ब्रांकुशींचा पक्षी सुंदर झाला असेही नाही. जहाजात तो पेटीत होता तेव्हाही तेवढाच सुंदर होता. मंडळे आणि न्यायालये हे मागाहून येणारे साक्षीदार आहेत.

आमच्या अल्प मतीला असे वाटते की, कलेचा उगम अवधानात आहे. हातातील कामाला त्याच्या गरजेपेक्षा अधिक मन देणारा कोणी एक असतो आणि ते अधिकचे मन ओळखणारा कधी ना कधी दुसरा कोणी भेटतो. पहिला नसेल तर वस्तू पोकळ राहते; दुसरा भेटला नाही तर ती वजनावर जाते. उपयोग असणे किंवा नसणे याचा त्याशी फारसा संबंध नाही.

आमच्या त्या शमादानांत कर्त्याची कला किती होती, हे आता सांगता येणार नाही, कारण आम्ही ती कधी नीट पाहिलीच नाहीत. परंतु वर्षानुवर्षे दर पवित्र शनिवारी चिंच घेऊन बसणाऱ्या त्या माणसाने ती पाहिली होती आणि त्याला घासताना पाहणाऱ्या त्याच्या मुलानेही पाहिली होती. त्या घरात तो दुसरा साक्षीदार उपस्थित होता. अनुपस्थित होतो ते आम्ही.

आज आपल्या भागातील जुनी घरे एकामागून एक उतरत आहेत. नव्या सदनिकांत बंब, घंगाळ, पाटा, जाते यांना जागा नाही, हे आम्ही जाणतो. सारेच ठेवा, असा उपदेश करण्याचा आम्हांस अधिकारही नाही. एवढीच विनंती आहे की, भंगारवाल्याचा तराजू दारात येण्यापूर्वी प्रत्येक भांडे एकदा उजेडात न्यावे, उलटे करून त्यावरील ठोक्यांवरून बोट फिरवावे आणि ते कोण घाशीत असे, हे घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसास विचारावे. मग जे ठरवायचे ते खुशाल ठरवावे. आम्ही सही केली त्या दिवशी आमच्याकडून तेवढेच राहून गेले.